भुयारी गटारात पागोळ्यांचं पाणी, व्हाळात मैल्याची गाडी: नियम काय आहेत आणि लागू कोण करणार?

खाडीकाठ (धागाकर्ता)

पहिल्या मोठ्या पावसात आमच्या बाजारपेठेत दरवर्षी तेच घडतं. रस्त्यावर गुडघाभर पाणी साचतं, कुणीतरी पहार आणतं, भुयारी गटाराच्या चेंबरचं झाकण उचकटतं आणि पाणी भसाभस आत जातं. थोड्या वेळात रस्ता मोकळा. पण तेच पाणी खालच्या आळीत, खाडीच्या बाजूला, लोकांच्या संडासातून आणि मोरीतून उलटं वर येतं. म्हाताऱ्या माणसांनी अशा पाण्यात उभं राहून घर धुतलेलं मी पाहिलंय.

गाव सिंधुदुर्गातलं, नगरपंचायतीचं. नाव लिहीत नाही, कारण किनाऱ्यावरच्या अनेक गावांत थोड्याफार फरकाने हेच चाललंय आणि मला एका कार्यालयाकडे बोट दाखवून थांबायचं नाही. आमच्याकडे फक्त बाजारपेठ आणि तिच्या बाजूच्या दोन आळ्यांत भुयारी गटार आहे. बाकी सगळीकडे सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा.

झाकण उचकटणं ही दिसणारी गोष्ट. न दिसणाऱ्या गोष्टी जास्त आहेत. नव्या इमारतींच्या गच्चीचे पाइप गुपचूप सांडपाण्याच्या चेंबरला जोडलेले आहेत. खाणावळींचं तळणाचं तेल, मासे साफ केल्यावरचे खवले नि आतडी, सगळं मोरीतून थेट लाइनमध्ये. घर बांधून उरलेला सिमेंटचा चिखलसुद्धा चेंबरमध्ये धुतला जातो. आणि रात्री उशिरा सक्शनची गाडी येते, कुठल्यातरी लॉजची टाकी उपसलेली असते, ती व्हाळात (ओढ्यात) किंवा शेवटच्या चेंबरमध्ये रिकामी होते.

गच्चीच्या पाइपाने असा काय फरक पडतो, असं लोक विचारतात म्हणून साधा हिशोब मांडतो. १०० चौरस मीटरच्या छपरावर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी होतं. जुलैत कोकणात एवढा पाऊस म्हणजे काही विशेष नाही. आता घरातलं सांडपाणी बघा. गटार आखताना माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातलं साधारण ८० टक्के गटारात येतं असं धरतात. पाच माणसांच्या घराचे झाले ५४० लिटर. म्हणजे एक छप्पर त्या दिवशी जवळजवळ १८ घरांचं पाणी लाइनीत ओततं. असे दहा पाइप एका आळीत जोडलेले असतील तर खालच्या घरांत मैला येणार नाही तर काय होईल?

मला तीन गोष्टी हव्या आहेत. या सगळ्याला मनाई करणारा कायदा नेमका कुठला? तक्रार कुणाकडे? आणि ज्या गावांनी हे सोडवलंय त्यांनी काय केलं? जाणकारांनी कृपया लिहा.

---

वरची_बाजारपेठ

मी त्या वरच्या लोकांपैकी आहे. तुमच्या गावातला नसेन, पण आमच्याकडेही हेच. दुकानात पाणी शिरलं की कापडाचे गठ्ठे, किराणा, सगळं जातं. विमा बहुतेकांचा नसतो. त्या क्षणी झाकण उघडू नका म्हणणं सोपं आहे. पाणी जायला दुसरी वाट ठेवली आहे का कुणी? मला खालच्या आळीच्या लोकांबद्दल वाईट वाटतं, मनापासून. पण मला पर्याय सांगा.

---

लेव्हलपट्टी

नोकरीची बरीच वर्षं पाणीपुरवठा आणि जलनिःसारणाच्या कामांवर गेली म्हणून लिहितो.

वरची_बाजारपेठ यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर भुयारी गटारात नाही, रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात आहे. ही दोन गटारं वेगळी असतात आणि वेगळीच राहिली पाहिजेत. भुयारी गटार फक्त घरातल्या सांडपाण्यासाठी मोजूनमापून टाकलेलं असतं. पाणी त्यात उताराने वाहतं. सेकंदाला निदान ०.६ मीटर वेग राहिला तर घाण सोबत वाहत जाते, त्याहून कमी झाला की तळाला बसते. खाडीकाठी जमीन सपाट असल्यामुळे उतार मिळत नाही, म्हणून शेवटी विहिरीसारखा हौद आणि त्यावर पंपघर. पंपाची ताकद ठरलेली. त्यापेक्षा जास्त पाणी आलं की ते हौदात साठतं आणि लाइनीतून मागे सरकत सगळ्यात खालच्या घराच्या संडासाच्या भांड्यातून बाहेर पडतं. तुमच्या खालच्या आळीत होतंय ते हेच.

झाकण उघडल्यावर नुसतं पाणी आत जात नाही. जांभ्याची लाल माती, वाळू, झावळ्यांचे तुकडे, प्लास्टिकच्या पिशव्या जातात. पाऊस संपल्यावर ती माती तळाला बसून राहते आणि जानेवारीत, पावसाचा थेंब नसताना, लाइन तुंबते. तेव्हा लोक कंत्राटदाराला शिव्या देतात. शुद्धीकरण केंद्रातही नुकसान होतं. तिथे मैला खाणारे जिवाणू वाढवलेले असतात. पावसाचा लोंढा आला की ते धुऊन खाडीत जातात आणि पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. तेवढे दिवस केंद्र नावापुरतं चालतं.

उघड्या चेंबरचा दुसरा धोका सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगतो. गढूळ पाण्याखाली ते भोक दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत एक नामांकित डॉक्टर घरी चालत निघाले होते. पाणी उतरावं म्हणून उघडलेल्या मॅनहोलमध्ये ते पडले आणि गेले. झाकण उघडणाऱ्यांना कुणाचा जीव घ्यायचा नव्हता, त्यांनाही पाणीच घालवायचं होतं.

आता पर्याय. तुमच्या बाजारपेठेतलं रस्त्याकडेचं गटार एकदा उन्हाळ्यात टोकापर्यंत चालत जाऊन बघा. मी पैजेवर सांगतो, निम्म्या दुकानांनी त्यावर रॅम्प ओतलेले असतील, खाली दगड नि गाळ असेल. दुसरं, त्याचं तोंड खाडीत कुठल्या पातळीवर उघडतं ते पाहा. उधाणाच्या भरतीला ते पाण्याखाली जात असेल तर ओहोटी लागेपर्यंत पाणी बाहेर पडणारच नाही, उलट खाडी आत येईल. तोंडाला एकाच बाजूने उघडणारी झडप लागते. ती गंजून उघडीच राहिलेली असते किंवा गाळात रुतलेली.

---

वरची_बाजारपेठ

रॅम्पचं खरं आहे. माझ्या दुकानाला नाही, पण रांगेतल्या बहुतेकांना आहे. हातगाडी वर घ्यायची तर रॅम्प लागतो. झडपेचं पहिल्यांदाच ऐकलं. आमच्याकडे ती आहे की नाही हेच कुणाला माहीत नसेल.

---

कोर्टाची_पायरी

कायद्याबद्दल विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. आपल्याकडे कायदे कमी नाहीत, ते वेगवेगळ्या कपाटांत आहेत.

नगर परिषद आणि नगरपंचायत दोघांना लागू होतो तो महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५. कलम ४९ मध्ये परिषदेची कर्तव्यं आहेत. गटारं बांधणं आणि नीट ठेवणं हे त्यातलं बंधनकारक काम, मर्जीचं नाही. याच अधिनियमाखाली परवानगीशिवाय गटाराला जोडणी करणं, गटारावर बांधकाम करणं याविरुद्ध परिषदेला कारवाई करता येते. तुमचे रॅम्प यातच येतात. तपशिलाचे नियम, म्हणजे काय सोडायचं, काय नाही, जोडणी कशी घ्यायची, दंड किती, हे परिषदेने उपविधी करून ठरवायचे असतात. पहिला प्रश्न हाच विचारा की आमच्या नगरपंचायतीने जलनिःसारणाचे उपविधी मंजूर करून घेतले आहेत का. अनेकदा योजना येते, पाइप पुरले जातात आणि उपविधी राहून जातात. मग दंड करायला गेलेल्या कर्मचाऱ्याच्या हातात कागदच नसतो.

गाव ग्रामपंचायतीत असेल तर १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम. स्वच्छता आणि गटारं पंचायतीच्या कामांच्या यादीत आहेत.

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४, कलम २४: ठरलेल्या मानकांनुसार विषारी किंवा प्रदूषण करणारा पदार्थ जाणूनबुजून ओढ्यात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर सोडायला कुणालाही मनाई आहे. 'कुणालाही' हा शब्द महत्त्वाचा, कारण लोकांना वाटतं की हा कायदा लोट्याच्या किंवा महाडच्या कारखान्यांसाठीच आहे. शिवाय या कायद्यात गटाराची व्याख्या उघडी आणि बंद दोन्ही नळ-नाले धरून केलेली आहे. रात्रीची गाडी इथे पकडता येते. तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करायची. रत्नागिरी आणि चिपळूणला मंडळाची उपप्रादेशिक कार्यालयं आहेत.

आता जो कायदा कुणी वापरतच नाही तो. सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंध अधिनियम, १९८४. आपण तो बस जाळण्याशी जोडतो. पण त्याच्या कलम ३ मध्ये सांडपाण्याच्या कामांचा स्वतंत्र उल्लेख आहे. वीज आणि पाणीपुरवठ्याच्या संचांबरोबर तो ठेवलेला आहे आणि अशा मालमत्तेची नासधूस केल्यास किमान सहा महिने ते पाच वर्षं सक्तमजुरी आणि दंड आहे. झाकणं फोडणाऱ्या, चोरणाऱ्या, पंपघराची मोडतोड करणाऱ्यांना हे सांगायला हवं. पाणी घालवायला झाकण उचलणाऱ्या दुकानदारावर हे कलम लावावं असं मी म्हणत नाही. नासधूस आणि हतबलता यांत फरक आहे आणि तो कोर्टही करतं.

कचरा गटारात किंवा ओढ्यात टाकायला घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी प्रत्येक घराला स्पष्ट मनाई केली. आणि किनाऱ्यावर असल्यामुळे आपल्याला सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, २०१९ ची अधिसूचनाही आहे. गावं-शहरांचं प्रक्रिया न केलेलं सांडपाणी किनारी क्षेत्रात सोडणं तिच्यात निषिद्ध आहे. म्हणजे चुकणारी व्यक्ती नगरपंचायत असली तरी ती सुटत नाही.

शेवटचं आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या एका वस्तीतले रहिवासी उघड्या गटारांना कंटाळून याच कलमाखाली दंडाधिकाऱ्यांकडे गेले. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९८० मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की पैशाची अडचण सांगून नगरपालिकेला आपलं कर्तव्य टाळता येणार नाही. तुमच्या खालच्या आळीने हा निकाल वाचलाच पाहिजे. तिथेही सामान्य माणसंच होती.

---

गजालीकार

आमच्याकडे पण ह्याच चलता. मे म्हयन्यात पावणे भरान येतत, टाकी भरता, आणि गाडयेवालो रातचो येवन व्हाळात खाली करून जाता. म्हायत सगळ्यांका असता, पण बोलणा कोण नाय, कारण टाकी सगळ्यांचीच भरता. त्याच व्हाळात पूर्वी कुर्ल्यो गावत होत्यो. आता पावल घालूक जीव होणा नाय. कायदो बरो आसा, पण पयला ह्या सांगा, गाडयेवाल्यान खाली करूची खंय? जागा दाखवलास तर तो व्हाळात कित्याक जायत?

---

माडाखाली

गजालीकार यांनी नेमकं विचारलंय. माझा छोटा होमस्टे आहे, सहा खोल्या. टाकी उपसायला मी गाडी बोलावते आणि दरवेळी विचारते की हे कुठे नेणार. उत्तर मिळतं, "ताई, ते आमच्यावर सोडा." पावतीवर फक्त उपशाचे पैसे. मैला कुठे गेला याचा कागद मला कुणी देत नाही आणि नगरपंचायतीनेही कधी मागितला नाही. मला तो कागद हवा आहे. पर्यटकांना मी स्वच्छ किनारा दाखवते आणि माझ्याच टाकीतलं त्या किनाऱ्याला जात असेल, ही गोष्ट मला झोपू देत नाही.

आमच्या पट्ट्यात खूप घरांचं असं झालंय की टाकी बांधली कुटुंबापुरती आणि सुट्टीच्या दिवसांत राहतात वीस माणसं. टाकीत मैला बसायला वेळ मिळत नाही, तो तसाच शोषखड्ड्यात जातो, खड्डा तुंबतो आणि मग पाणी रस्त्याकडेच्या गटारात सोडून देतात.

तेलाबद्दल लिहिते, कारण ते आमच्याच हातात आहे. मोरीच्या पुढे ग्रीस ट्रॅप बसवला. मोठं शास्त्र नाही. छोटा हौद, मध्ये आडवी भिंत, पाणी थांबतं, तेल वर तरंगतं, खालून स्वच्छ पाणी पुढे जातं. हंगामात दर आठवड्याला साय काढावी लागते. गरम तेल पाण्यासारखं वाहतं म्हणून वाटतं गेलं. ते पुढे थंड झाल्यावर पाइपाला चिकटतं आणि त्यावर खवले, केस, चहाची पूड धरत जाते. तळणाचं वापरलेलं तेल तर मोरीत घालायचंच नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची योजना काढली, 'रुको' नावाची. गोळा करणारे लोक मोठ्या शहरांतून येतात, म्हणून आम्ही चार-पाच जणी मिळून डबे साठवतो. माशाचं पाणी आणि खवले माडाच्या अळ्यात. आमच्या आज्या तेच करायच्या आणि माडाला ते लागतंच.

---

लेव्हलपट्टी

माडाखाली, तुमच्या स्वयंपाकघराच्या पाण्याबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. पर्यावरण संरक्षण नियमांत सार्वजनिक गटारात सोडण्याच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा दिलेली आहे: तेल-चरबी लिटरला २० मिलिग्रॅम, तरंगते कण ६०० मिलिग्रॅम, बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) ३५० मिलिग्रॅम, आणि पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, ५.५ ते ९ च्या मध्ये. उपविधी लिहिताना मोठी हॉटेलं, मासळी प्रक्रिया, काजू कारखाने यांच्यासाठी हेच आकडे घालता येतात. नवीन काही शोधायला नको.

गाडीबद्दल. टाकीतला मैला म्हणजे वर्षानुवर्षं साठून घट्ट झालेली गोष्ट, नेहमीच्या सांडपाण्याच्या कितीतरी पट तीव्र. एक गाडी शेवटच्या चेंबरमध्ये ओतली की छोट्या केंद्राचं कित्येक तासांचं काम बिघडतं. म्हणून 'गटारातच टाकलं ना, व्हाळात तर नाही' हेसुद्धा चालणार नाही. केंद्रावर वेगळा हौद करून तिथून थोडं थोडं मिसळलं तर चालतं, किंवा मैल्यासाठी स्वतंत्र प्रक्रिया केंद्र लागतं.

---

खाडीकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. गजालीकार, तुमचा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. नियम फक्त 'टाकू नका' म्हणाला तर गाडी एका व्हाळातून दुसऱ्या व्हाळात जाईल. 'इथे टाका' हे त्याच नियमात असलं पाहिजे.

याबाबत वाई आणि सिन्नरचं उदाहरण सापडलं. दोन्ही आपल्याच राज्यातल्या नगर परिषदा, दोन्ही लहान. टाकी तुंबल्यावर गाडी बोलावण्याऐवजी त्यांनी गावाचे भाग पाडले आणि प्रत्येक घराची टाकी साधारण तीन वर्षांतून एकदा वेळापत्रकाने उपसायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी वेगळे पैसे द्यायचे नाहीत, खर्च स्वच्छता करातून. कंत्राटदाराला कामाच्या हिशोबाने पैसे, आणि मैला प्रक्रिया केंद्रावर पोचवणं हा कामाचाच भाग. म्हणजे गाडीवाल्याला व्हाळात रिकामी करण्यात काही फायदाच उरत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय मैला व्यवस्थापन धोरणातही टाकीपासून प्रक्रियेपर्यंतची साखळी एकत्र धरलेली आहे.

कोकणात एका नगरपंचायतीला स्वतंत्र केंद्र परवडणार नाही हे मान्य. पण शेजारच्या दोन-तीन नगरपंचायती आणि आसपासच्या ग्रामपंचायतींनी मिळून एक केंद्र का करू नये? गाड्या तशाही तालुकाभर फिरतात.

---

सफाई_साथी

धाग्यात एक माणूस अजून आलेला नाही. तुंबलेलं चेंबर मोकळं करायला जो आत उतरतो तो.

तुम्ही गटारात जे टाकता ते शेवटी कुणाच्या तरी हाताने काढलं जातं. सॅनिटरी पॅड, डायपर, बाटल्या, काचा, चिंध्या. मशीनची नळी चिंध्यांत अडकली की 'जरा उतर आणि ओढून काढ' असं सांगितलं जातं. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. सुरुवातीला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो आणि वायू वाढला की नाक बधिर होऊन वास यायचाच थांबतो. माणसाला वाटतं, आता ठीक आहे. तिथेच तो पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो.

हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवायला बंदी आहे. ही बंदी नगरपंचायतीइतकीच खाजगी घरमालकावर, लॉजमालकावर आणि कंत्राटदारावर आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला १० लाख भरपाई असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा आदेश होता, ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने ती रक्कम ३० लाख केली. भरपाई हा हक्क आहे, पण माणूस परत येत नाही.

कुणी माणसाला उतरवत असल्याचं दिसलं तर १४४२० या क्रमांकावर कळवा. गटार आणि सेप्टिक टाकीच्या सफाईसाठीच तो ठेवलेला आहे. माझी विनंती आहे की तुमच्या उपविधीत पहिलं वाक्य हे असावं की कुठल्याही परिस्थितीत माणूस आत उतरणार नाही. दंडाचे आकडे नंतर.

---

कोर्टाची_पायरी

सफाई_साथी, तुमच्याशी पूर्ण सहमत. आणि घरमालकांनी लक्षात घ्यावं, 'मी तर कंत्राटदाराला पैसे दिले, त्याने माणूस उतरवला' हा बचाव चालत नाही. थेट किंवा आडून, दोन्ही प्रकारे कामाला लावण्यास मनाई आहे.

---

जांभ्याची_विहीर

मी दापोली तालुक्यातून. आमच्याकडे भुयारी गटार नाही, म्हणून हा विषय आपला नाही असं गावात सगळे समजतात. पण जांभा दगड सच्छिद्र, त्याला भेगा असतात. शोषखड्ड्यात गेलेलं पाणी मातीतून गाळलं जाईल असं आपण धरतो, जांभ्याच्या भेगेतून ते न गाळताच शेजारच्या विहिरीत पोचतं. भारतीय मानकात शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर लांब असावा असं आहे. दगड भेगाळ असेल तर तेवढं अंतरही पुरेलच असं नाही. वाडीत घरं दाटीने, प्रत्येकाची विहीर आणि प्रत्येकाचा खड्डा, तिथे १८ मीटर आणायचे कुठून?

आमच्या वाडीत मे महिन्यात विहिरीच्या पाण्याला वास आला तेव्हा सगळे जागे झाले. पाण्याची तपासणी करून घेतली, पाणी पिण्यायोग्य नव्हतं. आता बांधकाम परवानगीच्या वेळी खड्ड्याची जागा नकाशावर दाखवायलाच हवी आणि प्रत्यक्ष मोजायला हवी, अशी मागणी ग्रामसभेत मांडली आहे. नवीन घरांना ते करता येईल. जुन्यांचं काय करायचं यावर वाद चालू आहे आणि मला तरी त्याचं सोपं उत्तर दिसत नाही. दोन-तीन घरांनी मिळून एक मोठी टाकी आणि तिचं पाणी विहिरींपासून लांब, बागेच्या बाजूला नेणं, हा एक मार्ग पुढे आलाय.

---

वरची_बाजारपेठ

मी गेल्या आठवड्यात लेव्हलपट्टी यांच्या सांगण्यावरून आमच्या रस्त्याचं गटार टोकापर्यंत चालत गेलो. सोबत दोन दुकानदार होते. रॅम्प आहेतच. एका ठिकाणी तर गटारातूनच पाण्याची पाइपलाइन आडवी नेलेली आहे, तिला सगळा कचरा अडकतो. खाडीच्या तोंडाशी झडप सापडली नाही.

दुकानदारांशी बोललो. ओतीव रॅम्प काढून उचलता येणाऱ्या लोखंडी जाळ्या बसवायला बरेच तयार आहेत, फक्त 'सगळ्यांनी काढले तर आम्ही काढू' म्हणतात. हे मलाही पटतं. चार जणांवर कारवाई आणि बाकीच्यांना सूट असं झालं की नियमाची लाज जाते. पावसाळ्यापूर्वी एकाच वेळी सगळ्या रांगेचं व्हायला हवं. तसं झालं तर झाकण उचलायची पहार मी स्वतः दुकानात येऊ देणार नाही.

---

खाडीकाठ (धागाकर्ता)

हे वाचून फार बरं वाटलं. आम्ही नगरपंचायतीला द्यायचा अर्ज तयार करतोय. एकाच अर्जात सगळं कोंबलं तर काहीच होत नाही, म्हणून दोन वेगळे.

पहिला माहिती अधिकाराचा, ३० दिवसांत उत्तर मिळावं म्हणून: जलनिःसारणाचे उपविधी आहेत का, असतील तर प्रत द्या, अधिकृत जोडण्या किती, मैला उपसणाऱ्या गाड्यांना परवाना देता का, उपसलेला मैला कुठे जातो.

दुसरा मागण्यांचा. गाडीवाल्याला मैला पोचवल्याची सहीशिक्क्याची पावती दिल्याशिवाय घरमालकाने पैसे देऊ नयेत अशी तरतूद (माडाखाली, ही तुमची). गच्चीचे पाइप ठराविक मुदतीत स्वतःहून काढणाऱ्यांना दंड नाही, मुदतीनंतर दंड. खाणावळींना ग्रीस ट्रॅप. बाजारपेठेतलं पावसाळी गटार सलग मोकळं आणि तोंडाला झडप. आणि सर्वांत वर सफाई_साथी यांनी सांगितलेलं वाक्य. अधिकृत जोडणीचा अर्ज लोकसेवा हक्काखाली येतो, त्यामुळे 'जोडणी मिळत नव्हती म्हणून चोरून केली' असं म्हणणाऱ्यांसाठी मुदतीचा फलक कार्यालयात लावावा हेही घातलंय.

एक शंका राहिली. गच्चीचा कुठला पाइप चेंबरला जोडलाय हे भिंतीत नि जमिनीखाली असल्यामुळे दिसत नाही. मालक नाही म्हणाला तर सिद्ध कसं करायचं?

---

लेव्हलपट्टी

खोदावं लागत नाही. दोन पद्धती आहेत आणि दोन्ही स्वस्त. कोरड्या दिवशी गच्चीच्या पाइपात रंग मिसळलेलं पाणी ओतायचं आणि पुढच्या चेंबरमध्ये रंग येतो का बघायचं. निरुपद्रवी रंग मिळतो. दुसरी, लाइनीत पंख्याने धूर सोडायचा. जे जे पाइप जोडलेले असतील त्यांच्या तोंडातून गच्चीवर धूर निघतो, एका फेरीत अख्खी आळी कळते. आधी घरोघर नोटीस द्या, नाहीतर लोक आग लागली म्हणून धावतील. मोरीच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे खालच्या वाकड्या पाइपात, पाणी नसेल तर धूर घरातही येतो, म्हणून आदल्या दिवशी सगळ्यांना मोऱ्यांत बादलीभर पाणी घालायला सांगा.

चेंबर उघडायचं काम नगरपंचायतीच्या माणसाकडूनच करून घ्या, आत कुणी वाकायचं नाही. आणि हे दिवाळीनंतर करा, पावसात रंगही वाहून जातो आणि धूरही दिसत नाही. अर्जात 'तपासणी नोव्हेंबरमध्ये' असं लिहून टाका म्हणजे पाइप काढायला मार्चपर्यंत मुदत मिळेल.

---

गजालीकार

अर्ज हय टाका. आमच्या वाडयेच्यो सहयो मी घेवन देतंय.